‘दस्यू’ कोणाला म्हणावे? : एका शब्दाचा अर्थविचार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याच्या पेटीतून सहलीसाठी घरून आणलेले पैसे नाहीसे झाले. रक्कम मोठी नव्हती; परंतु त्याच्या आईने ती शेतमजुरीतून साठवलेली होती. रात्री सर्व मुलांना सभागृहात बसवून आम्ही पेट्या तपासल्या. सर्वांत आधी ज्या मुलाची पेटी उघडली, तो विमुक्त जमातीतील होता. पेटीत दोन सदरे, एक टॉवेल आणि वह्या यांखेरीज काहीच निघाले नाही. झाकण लावता लावता त्याने खाली मान घालून एवढेच विचारले, “सर, माझीच पेटी आधी का?”

“कोणाची तरी आधी उघडावीच लागते,” असे उत्तर आम्ही दिले. ते खरे नव्हते. हे आम्हालाही ठाऊक होते आणि त्यालाही. पैसे कोणी घेतले ते आजतागायत कळलेले नाही. तो मुलगा दहावी होऊन गेला. त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला.

या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना आली, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्ग म्हणून आम्ही एक जुना शब्द अभ्यासास घेतला. तो शब्द म्हणजे ‘दस्यू’. आज आपण तो लुटारू, दरोडेखोर या अर्थी वाचतो. परंतु तीन हजार वर्षांच्या प्रवासात या शब्दाने कधी परक्या माणसाकडे बोट दाखवले, कधी एखाद्या कृत्याकडे. ही दोन बोटे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील अंतर समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

ऋग्वेदातील दस्यू

‘दस्यू’ हा शब्द ऋग्वेदात अनेक ठिकाणी येतो. तेथे त्याच्यासोबत जी विशेषणे येतात, ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. दस्यू ‘अकर्मन्’ आहे, म्हणजे यज्ञकर्म न करणारा. तो ‘अव्रत’ आहे, ‘अन्यव्रत’ आहे, ‘अयज्वन्’ आहे. आमची व्रते न पाळणारा, दुसरीच व्रते पाळणारा, यज्ञ न करणारा, असा या शब्दांचा अर्थ. एके ठिकाणी तर त्याला ‘अमानुष’ही म्हटले आहे. त्याच्याशी संघर्षाची, त्याच्या वधाची वर्णने आहेत आणि त्या वधासाठी ‘दस्युहत्या’ असा स्वतंत्र शब्दही आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. ज्याला ‘अन्यव्रत’ म्हटले, त्याचा मुख्य दोष कोणता? त्याचे व्रत आपल्या व्रताहून वेगळे आहे, हा. तो देवांना हवी देत नाही, आपले विधी करीत नाही, म्हणून तो दस्यू. त्याने काय केले यापेक्षा तो काय करीत नाही, यावर सारा भर आहे. ‘आपल्यातला नाही’ आणि ‘वाईट’ या दोन कल्पना एका शब्दात इतक्या मिसळून गेल्या आहेत, की त्या वेगळ्या करणे कठीण जावे.

एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी दस्यू म्हणजे आर्यांहून भिन्न वंशाचे, चपट्या नाकाचे लोक, असा अर्थ लावला. त्यांचा एक आधार होता ‘अनास’ हा शब्द. तो ‘अ’ आणि ‘नास’ असा तोडला तर ‘बिननाकाचा’ असा अर्थ निघतो. सायणाचार्यांनी मात्र तो ‘अन्’ आणि ‘आस’ असा तोडून ‘तोंड नसलेला’, म्हणजे ज्याला नीट वाणी नाही असा, हा अर्थ दिला होता. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या वादाची बारकाईने छाननी केली. दस्यू हे वंशाचे नाव ठरवण्यास वेदांत पुरेसा आधार नाही. हा भेद उपासनापद्धतीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका शब्दाचा एक तुकडा कोठे तोडावा, एवढ्यावर एका अख्ख्या लोकसमूहाचे नाक ठरवले गेले होते. शब्दार्थाचा अभ्यास हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

सीमेपलीकडे तोच शब्द

याच शब्दाचा जुळा भाऊ प्राचीन इराणी भाषांत सापडतो. अवेस्तात आणि जुन्या फारसीत ‘दह्यु’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ चोर नव्हे, शत्रूही नव्हे. त्याचा अर्थ देश, प्रांत, मुलूख. सम्राट दारयवहूच्या इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील शिलालेखांत आपल्या सत्तेखालील प्रांतांना हाच शब्द वापरलेला आहे. पुढे फारसीत त्याचे ‘देह’ झाले, म्हणजे गाव. आणि त्या ‘देह’चे अनेकवचन ‘देहात’ हिंदीच्या वाटेने आपल्याही कानांवर पडते.

एका भाषेत जो शब्द ‘माझा मुलूख’ सांगतो, तोच शेजारच्या भाषेत ‘तो परका, तो लुटारू’ असे सांगतो. नदीच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याला काय म्हणतो, यात पलीकडच्याविषयी फार थोडे कळते. बोलणाराविषयी मात्र पुष्कळ कळते.

वंशावळी, स्मृती आणि कोश

वेदोत्तर ग्रंथांत या शब्दाला वंशावळ चिकटू लागली. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या कथेत विश्वामित्राच्या पन्नास पुत्रांनी शुनःशेपाचे ज्येष्ठत्व मानण्यास नकार दिला, म्हणून पित्याने त्यांना शाप दिला. त्यांच्यापासून आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद इत्यादी लोक झाले आणि बहुतेक दस्यू विश्वामित्राच्याच वंशातले, असे तेथे सांगितले आहे. कथा मोठी बोलकी आहे. ज्यांना परके म्हणायचे, ते एका ऋषीचीच मुले निघतात. आणि तरीही शाप पिढ्यानपिढ्या पुढे चालत राहतो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हाच विचार नियमाचे रूप घेतो. चार वर्णांच्या बाहेरच्या जाती, मग त्या म्लेच्छ भाषा बोलोत की आर्य भाषा, त्या सर्व दस्यू, असे तेथे ठरवले आहे. म्हणजे येथे भाषाही उपयोगाची नाही. माणूस आपल्यासारखेच बोलत असला, तरी चौकटीबाहेर जन्मला एवढ्यावर त्याला हा शिक्का बसतो.

‘अमरकोश’ हा संस्कृत शब्दकोश पूर्वीचे विद्यार्थी तोंडपाठ करीत. त्याचा कर्ता अमरसिंह बौद्ध होता, अशी परंपरा आहे. या कोशात ‘दस्यू’ दोनदा येतो. क्षत्रियवर्गात तो शत्रूच्या पर्यायांत आहे, तर दुसऱ्या ठिकाणी चौर, स्तेन, तस्कर, मोषक, पाटच्चर अशा चोराच्या दहा नावांत तो बसला आहे. ही दहा नावे कोणत्या वर्गात आहेत? शूद्रवर्गात. कोशकाराने समाजाच्या रूढ चौकटीनुसार शब्दांची मांडणी केली, एवढेच. परंतु चोराचा शब्द कोणत्या कप्प्यात ठेवावा हे त्या काळी जणू आधीच ठरलेले होते. आमच्या वसतिगृहात त्या रात्री पहिली पेटी कोणती उघडायची, हेही असेच आधी ठरलेले होते काय, असा प्रश्न हे वाचताना आमच्या मनात आला.

महाभारतातील दुसरा सूर

परंपरा एकसुरी नसते. महाभारताच्या शांतिपर्वात या शब्दाचा वेगळा विचार आढळतो. तेथे मांधाता राजा इंद्राला विचारतो, की यवन, किरात, शबर, शक इत्यादी जे लोक दस्यूंप्रमाणे राहतात, त्यांचा धर्म कोणता? इंद्राच्या उत्तरात आई-वडिलांची सेवा, अहिंसा, सत्य, दान, विहिरी खोदणे अशी कर्तव्ये येतात. म्हणजे ज्याला दस्यू म्हटले, त्यालाही नीतीची वाट मोकळी आहे. त्याच संवादात पुढे असेही म्हटले आहे, की सर्व वर्णांत आणि चारही आश्रमांत दस्यू दिसतात. ते केवळ वेष पालटून वावरतात. बाबासाहेबांनी आपल्या विवेचनात या वचनाकडे आवर्जून लक्ष वेधले आहे. दस्यू सर्व वर्णांत असतील, तर दस्यूपण हे वर्णाचे लक्षण कसे राहील?

याच पर्वात कायव्य नावाच्या दस्यूची गोष्ट आहे. पिता क्षत्रिय, माता निषाद. तो दस्यूंचा नायक होतो, तेव्हा आपल्या लोकांना मर्यादा घालून देतो: स्त्रियांना, मुलांना, भ्यालेल्यांना, तपस्व्यांना मारू नका, जो लढत नाही त्याच्यावर शस्त्र उचलू नका. या मर्यादेमुळे त्याचे लोक पापापासून दूर झाले, असे कथा सांगते.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही एक विलक्षण शब्दप्रयोग आहे. राज्याला टोचणारे काटे दूर करण्याच्या प्रकरणात तो व्यापारी, कारागीर, नट, भिक्षेकरी इत्यादींना ‘नावाने चोर नसलेले चोर’ म्हणतो. चोराचे नाव नसतानाही चोरी असते, हे त्याने ओळखले, ही मोठी गोष्ट. परंतु त्याचबरोबर त्याने अख्ख्या वर्गांवर संशय ठेवला, हेही विसरून चालणार नाही. खोटे माप वापरणारा व्यापारी चोर खरा; पण म्हणून तराजू धरणारा प्रत्येक हात चोराचा होत नाही.

तथागतांचे उत्तर

आता पाली साहित्याकडे वळू. संस्कृतातील ‘दस्यू’ पालीत ‘दस्सु’ होतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात ‘दस्सुखील’ असा शब्द येतो. खील म्हणजे खुंटा, काटा; दस्सुखील म्हणजे दस्यूंचा काटा, लुटारूंचा उपद्रव.

कथा अशी. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला म्हणतो, महाराज, राज्यात लूटमार चालू आहे. गावे लुटली जातात, वाटा सुरक्षित नाहीत. अशा वेळी प्रजेवर नवा कर बसवणे योग्य नव्हे. आपल्याला वाटेल की ठार मारून, कैद करून, दंड करून, हद्दपार करून हा काटा काढता येईल. परंतु तसा तो निघणार नाही. जे उरतील ते पुन्हा राज्याला त्रास देतील. याला एकच उपाय आहे. जे शेती आणि गुरे राखतात त्यांना बियाणे आणि चारा द्या. जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या. जे राजसेवेत आहेत त्यांना पगार आणि शिधा द्या. लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्याला त्रास देणार नाहीत. राजाने तसे केले. मग प्रजा घराची दारे उघडी टाकून, मुलांना कडेवर खेळवीत, निर्धास्त राहू लागली, असे सुत्त सांगते.

बियाणे, चारा, भांडवल, पगार. ज्यांच्या घरी शेतीच्या हंगामाआधी बियाण्याची चिंता असते, त्या आमच्या पालकांना या यादीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. या सुत्तातील पुरोहित दस्यूंची जात विचारीत नाही, कूळ विचारीत नाही, चेहरा विचारीत नाही. लुटीमागचे कारण शोधतो आणि कारणावर उपाय करतो.

हा उपाय भाबडा नाही, हेही पाहिले पाहिजे. त्याच निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा चोराला पकडल्यावर त्याची गरिबी ऐकून धन देतो. ते पाहून इतरही चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेद करू लागतो, तेव्हा लोक शस्त्रे करवून घेतात आणि लुटताना समोरच्याला मारूही लागतात. चोरी केल्यावर दिलेले धन चोरी वाढवते आणि नुसती कठोर शिक्षा हिंसा वाढवते. दोन्ही सुत्ते एकत्र वाचली, की बोध स्पष्ट होतो: उपाय वेळेवर, सर्वांसाठी आणि कामाच्या रूपाने व्हावा.

मज्झिमनिकायातील अंगुलिमालाची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. तेथे त्याच्यासाठी ‘चोर’ हा शब्द आला आहे. राजा प्रसेनजित त्याला पकडण्यासाठी पाचशे घोडेस्वार घेऊन निघतो आणि भगवंतांपाशी त्याला भिक्षूच्या वेषात पाहून नमस्कार करतो. पुढे प्रसववेदनेत तळमळणाऱ्या एका स्त्रीसाठी सत्यक्रिया करताना अंगुलिमाल म्हणतो, की आर्य जन्माने जन्मलो तेव्हापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही. वेदांत ज्या दोन शब्दांत सनातन वैर होते, त्यांतील ‘आर्य’ हा शब्द येथे एका माजी लुटारूच्या तोंडी येतो. त्याचा हा जन्म आईच्या पोटी झालेला नाही, आचरणातून झालेला आहे. धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गातही प्राण्यांची हिंसा करणारा आर्य होत नाही, असाच अर्थ दिला आहे. आणि वसल सुत्तात माणूस जन्माने नव्हे, कर्माने वसल होतो असे म्हणताना गावात किंवा रानात दुसऱ्याचे धन चोरणाराही त्या यादीत येतो.

तरीही कृत्याचा हिशेब पुसला जात नाही. भिक्षा मागत असताना लोक अंगुलिमालावर दगड टाकतात, त्याचे डोके फुटते, पात्र मोडते. भगवान त्याला ते सोसायला सांगतात. विनयपिटकाच्या महावग्गात पुढे असाही नियम येतो, की लोकांत कुख्यात झालेल्या चोराला संघात प्रव्रज्या देऊ नये. लोकांचे भय संघानेही लक्षात घेतले. करुणा म्हणजे डोळेझाक नव्हे, हे येथे शिकायचे.

पंचशीलातील दुसरे शीलही या दृष्टीने पाहावे. न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे ते व्रत आहे. त्यात ‘चोर’ हे नाम नाही. कृत्याचे नाव आहे, आणि ते कृत्य सोडण्याचा निर्धार आहे. तो निर्धार सर्वांना करावा लागतो, शिक्षकांनाही.

जैन परंपराही याच बाजूची साक्ष देते. जंबूस्वामींच्या लग्नाच्या रात्री त्यांच्या घरी चोरीस आलेला प्रभव हा पाचशे चोरांचा नायक होता. जंबूस्वामींचा उपदेश ऐकून त्याने दीक्षा घेतली आणि श्वेतांबर परंपरेत तोच पुढे त्यांच्यामागून संघाचा प्रमुख झाला.

मराठीतील शब्द

मराठीत ‘वाल्याचा वाल्मीकी’ झाल्याची कथा घरोघरी सांगतात. मूळ वाल्मीकिरामायणात वाटमारीची ही गोष्ट नाही. तेथे उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःला प्रचेतसाचा पुत्र म्हणवतात. अध्यात्मरामायणात ती येते, पण तेथे तो जन्माने द्विज असून किरातांच्या संगतीत वाढलेला आहे. मराठी कथेत तो ‘वाल्या कोळी’ झाला. कथेचे तात्पर्य माणूस पालटू शकतो असे आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु कथा सांगताना पहिल्या अर्ध्या भागात वाटमारीशेजारी एका जमातीचे नाव बसवलेले असते, याचा विचार आपण करीत नाही. वर्गात त्या जमातीचे मूल बसलेले असते.

आणखी काही शब्द पाहा. ‘भामटा’ म्हणजे ठकवणारा. आणि राजपूत भामटा हे विमुक्त जातींच्या यादीतील एका समाजाचे नाव आहे. ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट. आणि बेरड हाही एक समाज आहे. ‘उचल्या’ म्हणजे हातोहात वस्तू लांबवणारा. आणि तेही एका समाजाचे नाव म्हणून वापरले गेले. मराठवाड्यातील लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले आणि त्या ग्रंथास 1988 साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ज्या शब्दाने समाजाला डागले, तोच शब्द मुखपृष्ठावर ठेवून त्यांनी वाचकाला विचारायला लावले, की हे नाव कोणी दिले?

हिंगोलीची छावणी

हा सारा विचार पोथ्यांपुरता वाटू नये, म्हणून आता आपल्याच गावाकडे येऊ. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पण हिंगोली गावाचे नाव इंग्रजी पुस्तकांत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच गेले होते. एकोणिसाव्या शतकात येथे निजामाच्या फौजेची छावणी होती. निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी 1839 साली ठगांविषयी एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी हिंगोलीचा अनुभव लिहिला आहे. या भागातील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा हिंगोलीच्या छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलर यांनीही त्याच्याशी व्यवहार केलेला होता. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा मुंबईहून येणारा कापडाचा माल त्याने आपल्या नावे सरकारी परवाना मिळवून, मालकाला वाटेत मारून येथे आणला आणि छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जवळच पुरली गेली. ती प्रेते उकरली तेव्हा टेलर स्वतः हजर होते.

ठगांविषयीची माहिती बव्हंशी माफीच्या साक्षीदारांकडून इंग्रज अधिकाऱ्यांनी मिळवलेली होती. म्हणून ती सावधपणे वाचावी, असे इतिहासकार सांगतात आणि ते योग्यच आहे. तरी या एका नोंदीतून जे दिसते ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. छावणीत पहारा होता, परवाने होते, अधिकारी होते. संशय मात्र त्या व्यापाऱ्यावर गेला नाही, कारण तो प्रतिष्ठित होता. कौटिल्याचा ‘नावाने चोर नसलेला चोर’ आणि शांतिपर्वातला वेष पालटलेला दस्यू, हे दोघेही येथे हिंगोलीच्या बाजारात दुकान मांडून बसले होते.

‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ या शब्दापासून आला, असे मानतात. स्थग म्हणजे लबाड. त्याचा धातू झाकणे, लपवणे या अर्थाचा आहे. सरकारी कागदांतून आपण रोज वाचतो ती ‘स्थगिती’ही त्याच धातूची. ठगाचे मूळ लक्षण झाकणे हे आहे. आणि आपली नजर जर जातीकडे, कपड्यांकडे, वस्तीकडे लागलेली असेल, तर ठगाला वेगळे झाकावे लागतच नाही. त्याचे झाकण आपणच होतो.

कृत्याकडून जन्माकडे

सरकारने ठगांचा बंदोबस्त केला, हे आवश्यकच होते. परंतु 1836 च्या कायद्याने एक नवी वाट पाडली. एखाद्याने अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत होता, मग तो कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. प्रश्न ‘काय केले?’ असा राहिला नाही, ‘कोणातला?’ असा झाला.

पस्तीस वर्षांनी, 1871 साली, त्या वाटेचा हमरस्ता झाला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. सुरुवातीस तो उत्तर भारतात लागू होता. 1911 च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश मुलखात पोहोचला. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचा तर परवानगी घ्यायची. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये, कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. पाळण्यातले मूलही गुन्हेगार जमातीचे ठरले. मनुस्मृतीतला चौकटीबाहेरचा दस्यू छापील अर्जावर उतरला होता.

बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य आणि आदिवासी यांच्याबरोबरच गुन्हेगार जमातींचाही उल्लेख केला आहे. ज्या संस्कृतीने असे समाजघटक निर्माण केले, तिला संस्कृती म्हणावे काय, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. हा प्रश्न त्यांनी त्या जमातींना विचारलेला नाही. त्यांना तसे ठरवणाऱ्यांना विचारलेला आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याआधीच अंमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद 20 ने स्पष्ट केले होते, की कृत्य केले त्या वेळी जो कायदा अंमलात असेल त्याचा भंग झाल्याखेरीज कोणालाही दोषी ठरवता येणार नाही. ‘कृत्य’ हा शब्द पुन्हा आपल्या जागी आला. पुढे सराईत गुन्हेगारांविषयी कायदे झाले. त्यांचाही आधार, निदान कागदावर, जन्म नसून सिद्ध झालेला गुन्हा हा आहे. कागदावरून तो माणसाच्या नजरेत किती उतरला, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

आपले उत्तर

या शब्दाचा एवढा प्रवास केल्यावर आम्हाला जे समजले ते थोडक्यात असे. ‘दस्यू’ हा शब्द जेव्हा जेव्हा माणसांच्या समूहाला लावला गेला, तेव्हा तेव्हा खरा अपराधी सुटला आणि निरपराध माणूस डागला गेला. तोच शब्द जेव्हा कृत्याला लावला गेला, तेव्हा कृत्याचे कारण शोधता आले, त्यावर उपाय करता आला आणि माणसाला परत येण्याची वाट उरली.

त्या रात्रीनंतर वसतिगृहात आम्ही एक रीत पाळतो. काही हरवले तर आधी ‘कोणी?’ असे विचारीत नाही, ‘काय झाले?’ असे विचारतो. पेट्या उघडाव्या लागल्याच तर पहिली पेटी शिक्षकांच्या खोलीतली असते. ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई आधी होते, कारण त्याचे दुःख खरे असते. आणि ज्याला सहलीचे पैसे आणणे शक्य नाही, त्याची अडचण सहलीच्या आधी कळावी अशी व्यवस्था ठेवतो. कूटदंत सुत्तातील पुरोहिताने राजाला सांगितले ते फार मोठ्या राज्यासाठी होते. पण ते एका वसतिगृहालाही लागू पडते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्यापैकी कोणी पोलीस खात्यात आहे, कोणी तहसील कार्यालयात, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी सरपंच. गावाबाहेर पाल पडले की चौकीत पहिले नाव कोणाचे घेतले जाते, भाड्याने खोली मागायला आलेल्याला आडनाव का विचारले जाते, हे आपण पाहिलेले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी असाच एक शिक्का कपाळी वागवला आणि 1956 साली धम्म स्वीकारून तो नाकारला. तो शिक्का पुसणाऱ्यांच्या वारसांनी दुसऱ्याच्या कपाळावर शिक्का मारू नये, एवढेच मागणे आहे.

आणि तो आमचा विद्यार्थी ही स्मरणिका वाचत असेल, तर त्याच्यासाठी शेवटची ओळ. बाळ, त्या रात्री तू विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे: तुझी पेटी आधी उघडली, कारण आमच्या मनातली एक जुनी पेटी आम्ही कधी उघडूनच पाहिली नव्हती. तिच्यात न दिलेले बरेच काही होते. आम्ही तुझा विश्वास घेतला होता, न विचारता.